लघुसैनिकप्रतिमा : गणवेशांचे संशोधन व रंगकाम

लघुसैनिकप्रतिमा : युद्धखेळासाठी किंवा लढाईच्या प्रतिकृतीसाठी धातू, प्लॅस्टिक, शाडू वा प्लॅस्टर यांपासून तयार केलेली सैनिकाची लहान मूर्ती. विशिष्ट लढाईतील विशिष्ट पथकाचा वेष, शस्त्रे व निशाण पुराव्यांच्या आधारे निश्चित करून त्यानुसार ती रंगविणे हा एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. एकोणिसाव्या शतकातील लढायांना या छंदात विशेष स्थान आहे, कारण सैनिकी गणवेशांतील रंगांची विविधता त्या शतकात शिगेला पोहोचली आणि त्याच शतकाच्या अखेरीस खाकी रंगाने ती संपुष्टात आणली. मूर्ती रंगविण्याचे कौशल्य सरावाने येते. ती कोणत्या रंगात रंगवावी, हा प्रश्न मात्र इतिहासाचा असून त्याचे उत्तर साधनांच्या चिकित्सेवाचून मिळत नाही. प्रस्तुत नोंदीत या चिकित्सेचे स्वरूप मुख्यतः तिसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाच्या (१८१७–१८) व त्यातही सोलापूर जिल्ह्यातील आष्टीच्या लढाईच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

ऐतिहासिक आढावा : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथिलाचे चपटे सैनिक तयार होऊ लागले. योहान गॉटफ्रीट हिल्पर्ट हा त्यांचा प्रसिद्ध कारागीर होय. पुढे एर्न्स्ट हाइनरिक्सन याच्या कारखान्याने ३० मिमी. उंचीचे प्रमाण रूढ केले. इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतकामाचे, ५४ मिमी. उंचीचे शिशाचे सैनिक स्वस्तात उपलब्ध करून दिले. युद्धखेळाची परंपरा याहून वेगळ्या दिशेने आली. प्रशियातील रायस्वित्स याने १८१२ मध्ये राजासमोर सादर केलेला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेला ‘क्रीग्सश्पील’ हा लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा खेळ होता. त्यात सैनिकांऐवजी ठोकळे वापरीत. खेळण्यातील सैनिक आणि खेळाचे नियम यांची सांगड प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ (१९१३) या पुस्तकात लोकप्रिय केली. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाचा विस्तार झाला आणि त्याबरोबर गणवेशांच्या अचूकतेविषयीचा आग्रहही वाढला.

भारतात बुद्धिबळाच्या रूपाने युद्धाचा पटावरील खेळ प्राचीन काळापासून आहे. मातीच्या रंगीत लघुमूर्तींचीही येथे मोठी परंपरा असून लखनौ, कृष्णनगर व पुणे येथील अशा मूर्तींना एकोणिसाव्या शतकात नावलौकिक होता. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात विविध समाजांचे वेष दाखविणाऱ्या मातीच्या लघुमूर्ती जतन केल्या आहेत. महाराष्ट्रात या विषयाशी सर्वांत जवळचा लोकाचार म्हणजे दिवाळीत मुलांनी अंगणात रचावयाचा मातीचा किल्ला होय. त्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, तोफा, भालदार व मावळे मांडतात. पुष्कळदा त्यांच्याच शेजारी हिरव्या वेषातील आधुनिक सैनिकही उभा असतो. मुलांच्या किल्ल्याला काळाचे बंधन नसते व तसे ते असण्याची आवश्यकताही नाही. परंतु मावळ्याच्या वेषाची जी प्रतिमा या मूर्तींमुळे लहानपणी मनावर ठसते, तीच पुढे सतराव्या शतकापासून १८१८ पर्यंतच्या सर्व मराठी सैन्याला लावली जाते. शिवकालीन पायदळ, पानिपतावरील गारदी, महादजी शिंद्यांचे कंपू आणि दुसऱ्या बाजीरावाचे घोडदळ यांच्या वेषांत व शस्त्रांत मोठे अंतर होते. हे अंतर दाखविणे हाच लघुसैनिकप्रतिमांच्या शास्त्रशुद्ध रंगकामाचा मुख्य उपयोग आहे.

स्थलकालनिश्चिती : संशोधनाचा आरंभ सैन्यापासून न करता लढाईच्या तारखेपासून व स्थळापासून करावा लागतो. वैराग (ता. बार्शी) हे सोलापूर–बार्शी मार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. त्याच्या नैर्ऋत्येस आष्टी व दक्षिणेस सोलापूर ही पेशवाईच्या अखेरच्या पर्वातील दोन रणक्षेत्रे आहेत. आष्टी येथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल स्मिथच्या सैन्याने पेशव्यांच्या तळाला गाठले. सेनापती बापू गोखले लढताना मारले गेले, बाजीराव निसटला आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टॉमस मन्रोने सोलापूरची पेठ व किल्ला घेतला. या दोन प्रसंगांत केवळ तीन महिन्यांचे अंतर आहे. परंतु पहिला मुख्यतः घोडदळाचा, उघड्या मैदानावरील सामना, तर दुसरा पायदळ, तोफखाना व तटबंदी यांचा होता. त्यामुळे एका प्रसंगासाठी रंगविलेले सैन्य दुसऱ्यास जसेच्या तसे चालत नाही. भूमीचाही विचार करावा लागतो. फेब्रुवारीत या भागातील काळी जमीन सुकून करड्या छटेची झालेली असते, रब्बीची ज्वारी काही शेतांत उभी तर काहींत काढलेली असते. म्हणून मूर्तीच्या बैठकीवर पावसाळ्यातील हिरवळ दाखविणे चुकीचे ठरते. आष्टीचा मोठा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याने १८१८ च्या रणभूमीवर त्यास स्थान नाही.

कंपनीच्या सैन्याचा गणवेश : ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेविषयी साधने विपुल आहेत. लष्करी हुकूम, कापडखरेदीचे हिशेब, अधिकाऱ्यांची चित्रे व आठवणी यांतून पलटणीगणिक माहिती मिळते. देशी पायदळाचा लाल कोट, छातीवर तिरपे गेलेले पांढरे पट्टे, ताठ आकाराचे शिरोवेष्टन आणि गळपट्टी व मनगटी यांवरील पलटणीचा ओळखरंग ही त्याची ठळक अंगे होत. असे असले, तरी येथेही तीन अडचणी येतात.

पहिली अडचण क्रमांकांची. कोरेगावच्या लढाईत (१ जानेवारी १८१८) कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली पहिल्या मुंबई देशी पलटणीची दुसरी बटालियन होती. १८२४ च्या पुनर्रचनेत कंपनीच्या तिन्ही इलाख्यांतील बटालियनांना स्वतंत्र पलटणींचे क्रमांक मिळाले. त्यामुळे १८२४ नंतरच्या चित्रावरील क्रमांक व १८१८ च्या कागदांतील क्रमांक एकाच पथकाचा असेल असे गृहीत धरता येत नाही. आष्टीला हजर असलेली इंग्लंडच्या राजाची २२ वी लाइट ड्रॅगून्स ही घोडदळाची पलटण तर १८२० मध्ये विसर्जितच झाली. तोच क्रमांक धारण करणाऱ्या नंतरच्या पलटणींची चित्रे तिच्यासाठी निरुपयोगी ठरतात.

दुसरी अडचण हुकूम व प्रत्यक्ष वापर यांतील अंतराची. १८१२ मध्ये ब्रिटिश लाइट ड्रॅगून्सचा वेष बदलला. केसाळ शिखेचे जुने शिरस्त्राण जाऊन शाको ही उंच टोपी आली. परंतु इंग्लंडमधून निघालेले सामान आफ्रिकेला वळसा घालून येण्यास अनेक महिने लागत आणि जुने कपडे झिजेपर्यंत वापरले जात. फ्रान्समध्येही १८१२ च्या आरंभी निघालेल्या नव्या गणवेशाच्या हुकुमाची अंमलबजावणी रशियाच्या मोहिमेपर्यंत बहुतांशी झाली नव्हती. तेव्हा हुकुमाची तारीख ही वापराची तारीख मानू नये, हा या विषयातील प्राथमिक नियम होय.

तिसरी अडचण संचलन व मोहीम यांतील फरकाची. मुद्रित चित्रे प्रायः संचलनाच्या वेळचा नवा कोरा वेष दाखवितात. खडकीच्या लढाईपासून (५ नोव्हेंबर १८१७) आष्टीपर्यंत पेशव्यांचा पाठलाग करणाऱ्या शिपायांचे कोट उन्हाने विटलेले, ठिगळ लावलेले व विजारी धुळीने माखलेल्या असणार हे उघड आहे. प्रतिमेवर हा परिणाम दाखविताना अतिरेकही टाळावा लागतो, अन्यथा ओळखरंगच झाकला जातो.

मराठी सैन्याचा वेष : मराठी घोडदळाचा गणवेश शोधू पाहणाऱ्यास प्रथम त्या सैन्याची रचना समजून घ्यावी लागते. बारगिराचा घोडा सरकारी वा सरदाराच्या पागेतील असे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा, स्वतःची शस्त्रे व स्वतःचे कपडे घेऊन चाकरीस येई. त्यामुळे सर्वांना एका रंगाचे कापड पुरविणारी यंत्रणाच या घोडदळात नव्हती. पागोटे, अंगरखा, सुरवार किंवा चोळणा, कमरेचा शेला आणि पाठीवर ढाल हा ढाचा समान. रंग, कापड व पागोट्याची बांधणी मात्र व्यक्तीच्या ऐपतीप्रमाणे, प्रांताप्रमाणे व जातीप्रमाणे भिन्न. अशा पथकातील तीस स्वारांना एकाच केशरी रंगाचे अंगरखे चढविले म्हणजे प्रतिमांची रांग देखणी दिसते, परंतु पथकाचे स्वरूप खोटे होते. येथे अचूकता साधावयाची ती विविधतेच्या प्रमाणात : पांढरे व मळकट पांढरे कापड सर्वांत अधिक, त्याखालोखाल निळ्या व तांबड्या छटा, आणि किनखाब वा जर केवळ सरदाराच्या अंगावर.

पायदळाची स्थिती वेगळी होती. द बॉयने याने महादजी शिंद्यांसाठी १७८४ पासून उभारलेल्या पलटणी युरोपीय धर्तीवर कवायत शिकलेल्या होत्या व त्यांचा पोशाखही त्याच धर्तीचा होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीही कवायती पलटणी होत्या. कॅप्टन फोर्डच्या हाताखालील पलटण तर खडकीच्या लढाईत इंग्रजांना मिळाली. याखेरीज अरब व गोसावी यांची पथके आपापल्या पारंपरिक वेषात लढत. म्हणजे ‘पेशव्यांचे सैन्य’ या एका नावाखाली गणवेशधारी, अर्धगणवेशधारी व गणवेशरहित असे तिन्ही प्रकार एकत्र येतात आणि त्यांतील प्रत्येकाचा पुरावा वेगळा शोधावा लागतो.

निशाणांबाबतही काळजी घ्यावी लागते. भगवा झेंडा व जरीपटका ही दोन भिन्न निशाणे असून ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) त्यांचा वेगवेगळा उल्लेख केला आहे. जरीपटका हे सेनापतीच्या अधिकाराचे, जरीच्या कापडाचे निशाण होय. खडकी येथे ते धारण करणारे मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात मारले गेले. प्रत्येक पथकाच्या हाती जरीपटका देणे ही लघुप्रतिमांच्या मांडणीत वारंवार आढळणारी चूक आहे.

साधने व त्यांची चिकित्सा : चित्रसाधनांत टॉमस ड्यूअर ब्रॉटन याच्या शिंद्यांच्या छावणीतील पत्रांचे पुस्तक (१८१३) महत्त्वाचे आहे. १८०९ मधील छावणीची ही पत्रे असून त्यातील रंगीत चित्रे स्थानिक चित्रकाराच्या कामावरून केली आहेत. जेम्स वेल्स व रॉबर्ट मेबन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबाराशी संबंधित चित्रे काढली. मेणवली येथील नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे पेशवाईच्या वेषभूषेसाठी उपयुक्त आहेत. लिखित साधनांत पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर प्रमुख असून गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. पोशाख, वस्त्रे, शेले, कापडाची खरेदी यांविषयीचे उल्लेख अशा मोडी कागदांत विखुरलेले असतात. प्रत्यक्ष वस्तूंसाठी पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय व मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथील संग्रह पाहता येतात.

प्रत्येक साधनाची मर्यादा ठरलेली असते. हाताने रंगविलेल्या मुद्रित चित्रांच्या दोन प्रतींत एकाच कोटाचा रंग वेगळा असू शकतो, कारण रंगविणाऱ्याने मूळ वस्तू पाहिलेली नसते. दरबारी चित्रात सरदार ठळक व सामान्य स्वार नाममात्र असतो. ॲकरमन याने १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेली भारतीय सैन्याची वेषचित्रे सुंदर असली, तरी ती १८१८ साठी पुरावा होऊ शकत नाहीत. १८५७ च्या उठावाच्या काळातील छायाचित्रांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. त्या काळच्या कोलोडियन काचा निळ्या प्रकाशास अधिक व तांबड्यास फारच कमी संवेदनशील होत्या. म्हणून छायाचित्रात निळे कापड फिकट आणि लाल कापड जवळजवळ काळे दिसते. केवळ छायेवरून रंगाचा अंदाज केल्यास तो हमखास चुकतो.

रंगद्रव्यांचा विचार : १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला. त्यापूर्वीच्या सर्व गणवेशांचे रंग वनस्पती, कीटक व खनिजे यांपासूनच आलेले होते. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायाच्या कोटाचा लाल मंजिष्ठाकुलातील मुळांपासून केलेला, म्हणून विटकरी छटेचा. अधिकाऱ्याचा किरमिजी कीटकापासून केलेला, म्हणून अधिक तेजस्वी असे. हा फरक प्रतिमेवर दाखविल्यास अधिकारी आपोआप उठून दिसतो. फ्रान्समध्ये सागरी नाकेबंदीमुळे निळीची टंचाई होऊन १८०६ मध्ये काही पलटणींना पांढरे कोट देण्यात आले व लवकरच ते मागे घ्यावे लागले. रंगाचा इतिहास हा असा व्यापाराचाही इतिहास असतो.

दख्खनमध्ये निळीचा निळा, आल व मंजिष्ठा यांचा तांबडा, हळदीचा पिवळा, हिरडा व हिराकस यांचा काळा हे रंग प्रचलित होते. सोलापूर जिल्ह्यात आज तेलबी म्हणून ओळखली जाणारी करडई हीही जुनी रंगवनस्पती आहे. तिच्या पाकळ्यांपासून कुसुंबी रंग मिळतो. कुसुंबी व हळदीचा पिवळा हे दोन्ही उन्हाने व धुण्याने लवकर उडतात, तर निळीचा व आलीचा रंग टिकतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात : संग्रहालयातील जुने पागोटे आज जसे दिसते तसे ते मुळात नसावे, आणि मोहिमेवरील स्वाराच्या पागोट्याचा रंग पेठेतून नुकत्याच आणलेल्या पागोट्याइतका गडद असू नये. खाकीबाबत कालविपर्यास टाळावा. तिचा वापर १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पथकात सुरू झाला, १८५७–५८ मध्ये पांढरे कपडे रंगवून तो वाढला आणि १८८५ च्या सुमारास भारतातील सैन्यात ती सार्वत्रिक झाली.

प्रमाण व रंगकाम : युद्धखेळात ६, १०, १५, २० व २८ मिमी. उंचीच्या प्रतिमा रूढ आहेत. १·६८ मी. उंचीचा सैनिक २८ मिमी. प्रतिमेत साठपट लहान होतो. या प्रमाणात ३९ इंची नळीची इंडिया पॅटर्न बंदूक केवळ १६·५ मिमी. नळीची, तर २० मिमी. व्यासाचे बटण एकतृतीयांश मिलिमीटरचे होते. म्हणून काय रंगवावे याइतकेच काय सोडावे हेही ठरवावे लागते. पट्टे, ओळखरंग, शिरोवेष्टन व घोड्याचा रंग हे दुरून दिसणारे तपशील आधी, बटणे व नक्षी नंतर. संख्येचेही प्रमाण ठरवितात. एक प्रतिमा वीस सैनिकांची मानल्यास कोरेगाव येथील सु. पाचशे शिपायांच्या बटालियनसाठी पंचवीस प्रतिमा पुरतात.

प्रत्यक्ष कामात प्रतिमेवरील ओतकामाचे जादा कंगोरे कानशीने घासून ती साबणाच्या पाण्याने धुतात. वाळल्यावर फिकट रंगाचे अस्तर, त्यावर मुख्य रंगांचे सपाट थर, नंतर खोलगट भागांत मुरणारा पातळ गडद रंगाचा हात आणि शेवटी उंचवट्यांवर उजाळा असा क्रम असतो. लहान वस्तूवर रंग प्रत्यक्षापेक्षा गडद भासतो, म्हणून मूळ रंगात थोडा पांढरा किंवा पिवळसर मिसळून तो उजळ करतात. शुद्ध काळा व शुद्ध पांढरा टाळतात. अखेरीस चमक नसलेले वार्निश देतात. जुन्या प्रतिमांत शिसे असल्यामुळे त्यांच्या घासकामाची भुकटी श्वासात वा अन्नात जाणार नाही याची दक्षता घ्यावी व त्या लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

पुराव्याची प्रतवारी : निश्चित माहिती कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, हे पूर्ण झालेल्या प्रतिमेवरून पाहणाऱ्यास कळत नाही. रंगाचा थर दोहोंना सारखाच ठाम करतो. यासाठी प्रत्येक पथकाबरोबर एक नोंदपत्र ठेवणे इष्ट होय. त्यात प्रत्येक तपशील तीनपैकी एका प्रतीत घालावा : समकालीन व त्याच पथकाविषयीचा पुरावा, त्याच काळातील परंतु दुसऱ्या पथकाविषयीचा पुरावा, आणि केवळ तर्क. आष्टीच्या मांडणीत कंपनीच्या बाजूचे बरेच तपशील पहिल्या दोन प्रतींत येतात, तर पेशव्यांच्या स्वारांचे पुष्कळसे तपशील दुसऱ्या व तिसऱ्या.

ही विषमता केवळ छंदापुरती नाही. जेत्याच्या सैन्याची पलटण, क्रमांक, ओळखरंग व अधिकारी यांसह नोंद राहते आणि पराभूताचे सैन्य ‘रंगीबेरंगी जमाव’ एवढ्या शब्दांत उरते. रंगविणाऱ्याने साधनांचा हा असमतोल तपासला नाही, तर मांडणीतही एका बाजूस सैनिक व दुसऱ्या बाजूस गर्दी दिसू लागते. उलट उसना गणवेश चढवून ही उणीव झाकल्यास आष्टीच्या मैदानावर स्वतःच्या घोड्यानिशी व स्वतःच्या कपड्यांत उतरलेला शिलेदार दुसऱ्यांदा नाहीसा होतो. प्रत्येक स्वार वेगळा रंगविणे वेळखाऊ असले, तरी उपलब्ध पुराव्याशी तेच सर्वाधिक सुसंगत आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरील एका मावळ्याला जरी त्याच्या काळाचे पागोटे व त्याच्या प्रांताचे कापड मिळाले, तरी शाळकरी वयातच काळाच्या भेदाची जाण निर्माण होण्यास मदत होते.